तेरा पोरींची पिवळी बोटं

आमचं कबड्डीचं शिबिर एका मंगल कार्यालयात भरलं होतं, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही पटायचं नाही. कळंबच्या पुढे, हायवेपासून थोडं आत. लग्नाच्या तिथी नसलेले दोन महिने आम्हाला स्वस्तात मिळाले होते. ज्या हॉलमध्ये एरवी अक्षता पडायच्या तिथे मॅट अंथरली होती, आणि पोरींच्या झोपायच्या खोलीच्या दारावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'वधूपक्ष'. कोच आणि बाकीची पुरुष मंडळी समोरच्या 'वरपक्षा'त. सकाळी चौदा पोरी ट्रॅकसूट घालून वधूपक्षातून बाहेर पडल्या की कार्यालयाचा आचारी म्हणायचा, "एवढ्या नवऱ्या एका टायमाला पयल्यांदाच बघतोय राव."

मी तिथे काय करत होते? तीस वर्षं आंबेगाव तालुक्यातल्या शाळांमध्ये शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झाले होते. घरात बसून सुनेच्या नाकात दम आणत होते. तेवढ्यात पोरींची ही व्यावसायिक लीग आली आणि तिचा एक नियम आला. प्रत्येक संघात एक अशी बाई हवी, जिचा हारजितीशी काडीचा संबंध नाही. तिने फक्त खेळाडूंना इजा होत नाही ना, हे बघायचं. अंगाला, मनाला, बाहेरच्यांकडून आणि आपल्यांकडूनही. पत्रात हुद्दा लिहिला होता, खेळाडू संरक्षण अधिकारी. संघाचा मालक टोमॅटोचा मोठा व्यापारी. तो स्वतः घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "बाई, तुमी निस्तं खुर्चीवर बसायचं. लागंल तिथं सही करायची."

खुर्चीवर नुसतं बसणं मला जन्मात जमलेलं नाही. ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मोबाईलवर चार दिवसांचं प्रशिक्षण झालं. ते मी वहीत टिपणं काढून पूर्ण केलं आणि पाचव्या दिवशी कामाला लागले. मालिशवाला काम करेल तेव्हा दार उघडं राहील. कोच कुठल्याही पोरीला एकटीला मेसेज करणार नाही, जे असेल ते ग्रुपवर. वजन करताना बाकीच्यांनी भोवती उभं राहून हसायचं नाही. आणि वधूपक्षाच्या उंबऱ्याच्या आत पुरुष माणूस येणार नाही, मग तो कोणीही असो. या शेवटच्या नियमाचा पहिला बळी खुद्द मालकच झाला. पेढ्यांचा खोका घेऊन तो सरळ आत निघाला होता. मी हात आडवा घातला. "मालक, इथनं पुढं वरपक्षाला परवानगी न्हाई." चौदा पोरी तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. मालकही हसला, आणि उंबऱ्यात उभा राहून त्यातला एक पेढा स्वतःच खाल्ला.

माणूस वाईट नव्हता तो. पण त्याच्या डोक्यात संरक्षण म्हणजे बिबट्या. भोवती सगळा ऊस, त्यामुळे दिवस मावळायच्या आत पळण्याचा सराव संपवायचा, हे त्याने स्वतः बजावलं होतं, मला एक बॅटरी आणि काठीही दिली होती. "बिबट्याचं तेवढं बघा बाई, बाकी आपल्याकडं सगळं घरचंच हाय," तो म्हणायचा. बिबट्याची धास्ती आमच्याकडे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. त्याचे ठसे उमटतात, फोटो येतात. घरच्या गोष्टींचे ठसे उमटत नाहीत, हे सांगायला गेले की तो घड्याळ बघायचा.

चौदा जणींमधली सर्वात लहान पोर तळेघरच्या बाजूची होती. एकोणीस वर्षांची, अंगाने किडकिडीत, पण चढाईला गेली की हाताला लागायची नाही. भातखाचरांच्या बांधांवरून शाळेत पळतच गेलेली पोर ती, निमुळत्या जागेत पाय कुठे टाकायचा हे तिला शिकवावं लागत नव्हतं. तिच्या वाडीतून लीगपर्यंत पोचलेली ती पहिलीच. चौदातून बारा निवडायच्या होत्या, रविवारी. बारांत नाव आलं तर वर्षभराचा करार, पुण्यात राहणं, पुढचं कॉलेज. नाही आलं तर वाडीवर परत, आणि घरी तिचं वडिलांशी बोलणं झालेलं होतं की मग दिवाळीनंतर स्थळ बघायचं आणि तिने नाही म्हणायचं नाही. हे तिनेच मला सांगितलं होतं, कपडे वाळत घालता घालता, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट असावी असं.

कप्तान मात्र माझी जुनी विद्यार्थिनी. माझ्यासारखीच मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातली. आडदांड, बोलायला फटकळ, आणि पोरींचा जीव की प्राण. तिच्या किटबॅगेत बुटांच्या शेजारी खंडोबाच्या भंडाऱ्याची, म्हणजे हळदीची, एक छोटी पिशवी असायची. सामन्याआधी सगळ्यांच्या कपाळाला ती भंडारा लावायची.

गुरुवारची सकाळ. मी नेहमीप्रमाणे जेवणघराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. दाराचं एक पाखं मी बंद ठेवायचे, म्हणजे पोरी एकेक करून आत येतील. ही माझ्या वडिलांची रीत. संध्याकाळी मेंढरं वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात घालताना ते जाळीचं एकच टोक उचलून धरायचे आणि प्रत्येक मेंढराची चाल बघायचे. कोण लंगडतंय, कोणाचं पोट फुगलंय, ते तिथेच कळायचं. पोरींना मी हे कधी सांगितलं नाही. आपल्याला मेंढरं केलं म्हणून त्यांनी मला शिबिरभर पिडलं असतं.

तर त्या सकाळी एकेक पोर आत आली, ताटली घेतली, आणि मला बोटं दिसली. पिवळी. पहिलीची पिवळी, दुसरीची पिवळी, तिसरीची पिवळी. मी म्हटलं, पोहे असतील. पण पोरी आत्ता कुठे ताटली घेत होत्या, आणि पातेल्यात बघितलं तर पांढराशुभ्र उपमा.

माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढ्या सकाळी, सामना नसताना, कपाळं कोरी आणि बोटं पिवळी, याचा आमच्यात एकच अर्थ. पोरींनी भंडारा उचलला होता. चिमूट हातात घेऊन शब्द दिला होता. आमच्या लहानपणी कोणाच्या रानात मेंढरं बसवायची, वाटण्या कशा, सगळं असंच ठरायचं, आणि त्या शब्दापुढे कोर्टाचं काही चालायचं नाही. भंडारा उचललेल्या माणसाला "काय ठरलं?" असं विचारणं म्हणजे त्याला पापात ढकलणं. तेव्हा विचारायची सोयच नव्हती.

मी गप्प बसून मोजत राहिले. तेरा पोरींची बोटं पिवळी निघाली. चौदावी आली ती तळेघरची. तिचे हात स्वच्छ.

घास घेता घेता मला उलगडा झाला. ज्याच्यासाठी शपथ घ्यायची त्याला कोणी शपथ घालत नाही. म्हणजे लपवायचं ते हिचं होतं. मग मी तिच्याकडे नीट बघितलं. ती खिडकीकडे पाठ करून बसली होती, आणि शेजारणीने हाक मारली तर मान न वळवता अख्खी वळली.

तिला मी खोलीत नेलं. दार उघडं ठेवलं, कप्तानाला उंबऱ्यात उभं केलं. माझेच नियम. एकही प्रश्न विचारला नाही, एका पायावर उभी राहा म्हटलं. बांधावरून पळणारी ती पोर तीन मोजायच्या आत भिंतीवर गेली. तिथेच ती खाली बसली आणि रडायला लागली. "बाई, नाव कापू नका. रविवारपतुर निस्तं गप ऱ्हावा. मी नीट हाय." मंगळवारच्या सरावात तिघींनी तिला पकडताना तिचं डोकं स्टेजच्या पायरीवर आपटलं होतं. कोच तेव्हा दुसऱ्या टोकाला होता. तेव्हापासून उजेड टोचत होता, उलटीसारखं होत होतं.

मी कप्तानावर अशी भडकले की सगळं कार्यालय दणाणून गेलं असेल. डोक्याचा मार आहे, तुला काही अक्कल? पोर मॅटवर मेली असती तर? शाळेतला माझा आवाज अजून शाबूत आहे. कप्तानाने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "तुमीच सांगितलं व्हतं की."

"मी?"

"शाळेत. प्रार्थनेनंतर. तुमचा गुडघा सुजून भोपळा झाला व्हता तरी तुमी जत्रेतली फायनल सोडली न्हाई, गावानं फेटा बांधला. आमी तेच आयकून मोठ्या झालो, बाई."

खरं होतं. दरवर्षी नव्या पोरींना ही गोष्ट मी रंगवून सांगायचे. त्या गुडघ्याने पुढे मला जमिनीवर मांडी घालून बसता आलं नाही, भात लावायला वाकता आलं नाही, बाळंतपणात मी त्या गुडघ्यामुळे हाल काढले, हे मात्र कधी सांगितलं नाही. ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. फेटा तेवढा सांगितला. माझं ऐकून किती पोरींनी दुखणं गिळलं असेल, हा विचार आला आणि मला त्या पोरींची, स्वतःची, सगळ्यांचीच लाज वाटली. मी कप्तानाला म्हटलं, "ती गोष्ट अर्धीच सांगितली मी. चूक झाली." आणि उरलेली अर्धी तिथेच, उंबऱ्यात उभी राहून सांगितली. कप्तान खाली बघत होती.

मंचरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, डोक्याचा स्कॅन काढला. आत रक्तस्राव नव्हता, पण तीन आठवडे मॅटचं नाव काढायचं नाही, पुढे तपासून ठरवू म्हणाले. रविवार तीन दिवसांवर.

संध्याकाळी मी मालक आणि कोच यांच्यापुढे उभी राहिले. कोच परराज्यातल्या शहरातला, सरळ माणूस. त्याने नियम दाखवला, रविवारी जी मॅटवर नाही ती बारांत नाही. मालक म्हणाला, "वाईट वाटतंय बाई, पोरगी गुणी हाय. पुढच्या वर्षी बघू." मी म्हटलं, असं केलंत तर यापुढे एकही पोर दुखणं सांगायची नाही. आज हिचं डोकं, उद्या कोणाचं काय, ते तुम्हाला थेट दवाखान्यातूनच कळेल. हिची जागा राखून ठेवा. बरी झाली की तपासा, खेळात कमी पडली तर खुशाल काढा. पण दुखणं सांगितलं म्हणून काढू नका.

मालक पटकन म्हणाला, "एवढंच ना? देतो की लिवून." आणि खिशातून पेन काढलं.

सही करायला हा माणूस एका पायावर तयार असायचा. दिवसभरात किती कागदांवर करायचा आणि त्यातले किती पाळायचा, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. मी कागद बाजूला सारला आणि कप्तानाला हाक मारली. "तुझी पिशवी आण गं."

भंडाऱ्याची पिशवी टेबलावर आली तसा मालकाचा चेहरा उतरला. दरवर्षी जेजुरीला जाणारा माणूस तो. "बाई, कागद करू की पक्का. वकिलाकडनं करू." मी नाही म्हटलं. तो उठला, पाणी प्यायला. फोन वाजत नसताना फोन कानाला लावून व्हरांड्यात जाऊन आला. परत बसला. "देवाला कशाला मधी घ्यायचं? खेळाची गोष्ट हाय." कोच बिचारा आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. त्याला वाटत होतं ही हळद कुठल्या तरी उपचाराची आहे. व्हरांड्यातल्या खिडकीला बाहेरून तेरा तोंडं चिकटली होती. त्यांना हाकलावं असं मला अजिबात वाटलं नाही.

शेवटी मालकाने चपला काढल्या. चिमूटभर भंडारा उचलला आणि कपाळावर घाम घेऊन म्हणाला, "जी पोरगी दुखणं सांगंल, तिची जागा त्या दुखण्यापायी जाणार न्हाई." मग कोचने उचलला, शब्द समजून घेऊन, मराठीत. मग मी. शेवटी कप्तान पुढे आली, तिच्या मागून बाकीच्या. या खेपेला चौदाव्या पोरीनेही हात पुढे केला.

बाहेर पडताना कप्तान हळूच माझ्याजवळ आली. "आमच्यातलं कोण बोललं, बाई?"

"कोणीच नाही. तुमच्या शब्दाला धक्का नाही. आज उपमा होता, तो नडला."

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग ती स्वतःच्या बोटांकडे बघून इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "फुडल्या टायमाला आचाऱ्याला पोह्याचं सांगूनच ठिवते," ती म्हणाली.

रविवारी कोचने अकरा नावं वाचली आणि थांबला. मालक माझ्याकडे न बघता म्हणाला, "बारावं डॉक्टर वाचतील." हॉलमध्ये कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. तळेघरची पोर रडतही होती आणि डोकं दुखतंय, टाळ्या हळू वाजवा, असं हातांनी सांगतही होती.

ते तीन आठवडे माझ्या आयुष्यातल्या फार सुखाच्या दिवसांपैकी होते. पोर घरी जायला तयार नव्हती. पहिले काही दिवस पडद्याच्या अंधारात झोपून काढले, मग ती माझ्या खुर्चीशेजारी पायरीवर बसायला लागली. तिथे बसायला लागल्याच्या तिसऱ्या दिवशी मला म्हणते, "बाई, तुमी दाराचं एक पाखं लावून घेता ते आमची चाल बघायला ना?" आमच्याकडं शेरडांचं आमी असंच बघतो, म्हणाली. डोंगरातली असो की माळावरची, जनावरामागे फिरलेल्या पोरीपासून काय लपणार? मग आम्ही दोघी मिळून बघायला लागलो. तिची नजर माझ्याहून तिखट. कोणाचा बूट लहान झालाय, कोण रात्री नीट झोपलेली नाही, कोण नाश्त्याला ताटली घेते पण खात नाही, हे ती मला कुजबुजत सांगायची. पोरीही आपणहून यायला लागल्या. अंगठ्याचं नख, पाळी, घरून आलेला फोन, काय वाटेल ते. एकदा तर कोचच आला, पाठीत उसण भरलीय म्हणून. त्यालाही बर्फ दिला.

तिची आई एकदा तळेघरहून आली, एस.टी. चुकल्यामुळे निम्मी वाट चालत. डोक्यावर आंबेमोहराचं गाठोडं. पोरीला खेळू न देणारी बाई कोण ते बघायला ती आली होती, मला आधी दोन शब्द ऐकवायचे होते तिला. मी सगळं सांगितलं. गुडघाही सांगितला. ती ऐकत राहिली, आणि शेवटी तिने एवढंच विचारलं, "मंग तुमास्नी लावणीला वाकताच येत न्हाई?" मी नाही म्हटलं. तिने गाठोडं माझ्यापुढे सरकवलं. त्या तांदळाचा वास दोन दिवस वधूपक्षात दरवळत होता.

तीन आठवडे झाल्यावर डॉक्टर तपासायला आले. डोकं ताळ्यावर आहे का हे बघायला ते साधे प्रश्न विचारतात. वार कोणता, जेवणात काय होतं. मग विचारलं, "तुमच्या गावाची बस किती वाजता सुटते?" पोर म्हणाली, "ते डायवरला बी ठावं नसतंय, साहेब." डॉक्टर हसत हसत कागदावर लिहायला लागले आणि मग हळूहळू सराव सुरू करायला हरकत नाही म्हणाले. आणखी आठ दिवसांनी ती पूर्ण ताकदीने मॅटवर आली. कोचने तिला कसून पारखलं, जरासुद्धा सूट दिली नाही, आणि बारावं नाव वाचलं.

लीगचा पहिला सामना पुण्यात, बंदिस्त मैदानात होता. तो आम्ही हरलो, एका गुणाने, हेही आधीच सांगून टाकते. पण माझ्या लेखी त्या सामन्यात हरण्यासारखं काही नव्हतं. दुसरा डाव निम्मा झाला होता, आम्ही दोन गुणांनी मागे होतो. कप्तान चढाई करून परत आली तेव्हा मला काही वेगळं दिसलं नाही. मी खोटं कशाला सांगू, मला दिसलंच नाही. शेजारी बाकावर बसलेल्या माझ्या तळेघरच्या मदतनिसालाही दिसलं नाही. कप्तानानेच हात वर करून टाइमआउट मागितला.

सगळं मैदान तिच्या नावाने ओरडत होतं. ती चालत सरळ आमच्या बाकापर्यंत आली. कोचने काहीतरी विचारलं, तिने मान हलवली आणि माझ्यापुढे उभी राहिली.

"बाई, मांडी वढलीया. मगासपासनं. अजून चार चढाया रेटता येत्याल, पर रेटणार न्हाई."

कोचने एकदा पाटीवरच्या गुणांकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग त्याने तळेघरच्या पोरीला उठवलं. ती आत जाताना कप्तानाने तिच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्या शेजारी बसून पाय पुढे केला.

"भ्या न्हाई वाटलं?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. तेवीस वर्षांची पोर, पहिलाच सामना, तिची जागा घ्यायला दहाजणी टपलेल्या.

ती मॅटकडे बघत होती. तिथे तळेघरची पोर चढाईला निघाली होती.

"वाटलं की. पर तिची जागा ऱ्हायली न्हवं," कप्तान म्हणाली. "मंग माजीबी ऱ्हाईल."

मी बर्फाची पिशवी तिच्या मांडीवर बांधायला घेतली. पहिल्यांदा पट्टी सुटली. दुसऱ्यांदा तिनेच टोक धरलं, तेव्हा बसली.